पाचवा थर

कासारखेड नगरपरिषदेने मनाचे अधिकृत थर पाचावरून चार केले आणि प्रत्येक नागरिकाने आपला पाचवा थर महिनाअखेरपर्यंत जुन्या जकात नाक्यावरच्या गोदामात जमा करावा, अशी नोटीस घरोघर पाठवली. वत्सला घोलप यांच्या घरी ती मंगळवारी आली. नोटिशीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की सात दिवसांत हरकत न आल्यास आपली संमती आहे असं गृहीत धरलं जाईल. वत्सलाबाईंनी ती ओळ वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

वत्सलाबाई मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. थर म्हणजे काय हे त्यांना नगरपरिषदेने सांगण्याची गरज नव्हती. कासारखेडला दर चैत्रात सांडगे-कुरडयांबरोबर मनाचे थरही गच्चीवर वाळत घालायची रीत होती. मान डावीकडे कलती करून कानामागून हलकेच सोडवला की थर सुटून येतो. पहिल्यात ऐकलेलं असतं, दुसऱ्यात लगेच वाटलेलं, तिसऱ्यात सवयीचं, चौथ्यात विचार करून ठरवलेलं. पाचव्यात असतं ते बोलायचं राहून गेलेलं. हा सगळ्यात आतला, पातळ, ब्लाउजच्या अस्तरासारखा. बाहेरून दिसत नाही, पण तो नसला की वरचं सगळं टोचायला लागतं.

त्यांच्या पाचव्या थरात एकच गोष्ट होती. अकरा वर्षांपूर्वी एका रविवारी पाहुण्यांसमोर त्यांच्या नवऱ्याने, अनंतरावांनी, त्यांचं शिवणयंत्र पुतणीला देऊन टाकलं होतं. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, अहो, वहिनींना विचारलंत का? त्यावर अनंतराव हसून म्हणाले होते, "हिला काय विचारायचं, ही हो म्हणेल." वत्सलाबाई तेव्हा पोह्यांवर खोबरं घालत होत्या. उत्तर द्यायचं त्यांनी दुसऱ्या दिवसावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव मिरजेला जायला म्हणून निघाले आणि एसटी स्टँडवर तिकिटाच्या रांगेतच गेले.

भांडण असं अर्धवट राहिलं. माणूस गेला म्हणून भांडण संपतं असं कोणी सांगितलंय? वत्सलाबाई रोज दुपारी जेवण झाल्यावर अडीच ते तीन पाचवा थर उघडून बसायच्या आणि उत्तर दुरुस्त करायच्या. कधी एखादा शब्द सौम्य करायच्या, कधी तोच पुन्हा कडक. अकरा वर्षांत उत्तर बरंच चांगलं झालं होतं. आणि आता ते गोदामात, चिठ्ठी लावून, कुणाकुणाच्या थरांखाली दडपून ठेवायचं म्हणे.

समोरच्या बिऱ्हाडातल्या प्रमिला भाटवडेकरांनी आपला थर पहिल्याच दिवशी देऊन टाकला होता. त्या खुशीत होत्या. नगरपरिषदेने त्यांना उरलेले थर ठेवायला चार कप्प्यांचा स्टीलचा डबा फुकट दिला होता, आणि अद्वैत कुलथे नावाच्या प्रशिक्षकाचं मंगल कार्यालयातलं तीन तासांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिरही. कुलथ्यांची चार थरांची पद्धत पाठ करायला सोपी होती: बघा, थांबा, विचार करा, पुढे चला.

प्रमिलाबाईंचं बोलणं पहिल्यापासून फटकळ. पण पूर्वी त्या काहीतरी लागट बोलून जिना उतरायच्या, चौथ्या पायरीवर थांबायच्या, परत वर यायच्या आणि दाराशी उभ्या राहून म्हणायच्या, मगाशी जरा जास्तच बोलले हं. त्या बुधवारी त्या वत्सलाबाईंना म्हणाल्या की तुमचं वय झालं, आता कसला थर धरून बसलाय. मग जिना उतरल्या. वत्सलाबाई दारात उभ्या राहून पावलं मोजत होत्या. चौथी पायरी आली आणि गेली. खाली फाटक वाजलं.

गुरुवारी वत्सलाबाई नगरपरिषदेत गेल्या. थर विभागाचे अधीक्षक दिगंबर पोफळे यांनी खाली बघूनच त्यांना सांगितलं की हरकत घेता येते, पण तिच्यासोबत जुन्या आणि नव्या पद्धतीचा तुलनात्मक तक्ता तीन प्रतींत लागतो. एकच प्रसंग दोन्ही पद्धतींतून काढून दाखवायचा. प्रसंग स्वतःच्या आयुष्यातला हवा, शेजाऱ्याचा चालत नाही. सुनावणी सोमवारी अकरा वाजता.

वत्सलाबाईंनी तीन दिवस तक्ता केला. शाळेत मापांचे तक्ते करायच्या तसाच, पट्टीने आखून. प्रसंग निवडायचा प्रश्नच नव्हता. जुन्या पद्धतीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: पहिला थर, वाक्य ऐकलं. दुसरा, कानशिलं तापली. तिसरा, हात खोबरं घालत राहिला. चौथा, नजर अधू होत चालली आहे, यंत्र दिलं तरी चालेल असं ठरवलं. पाचवा, यंत्र देण्याबद्दल तक्रार नाही, पण उत्तर द्यायचं आहे.

नव्या पद्धतीचा रकाना भरताना त्यांच्या नाकी नऊ आले. बघा: पाहिलं. थांबा: लग्न झाल्यापासून थांबलेच होते. विचार करा: केला, जुन्या पद्धतीतला चौथा थर पाहावा. पुढे चला, या ओळीपाशी त्या फार वेळ बसल्या. कुठे चला? शेवटी जे खरं तेच त्यांनी लिहिलं, की पुढे हेच गेले.

सोमवारी पोफळ्यांनी तक्ता पेन्सिलीने टिंबं देत वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी मान्य केलं की जुन्या पद्धतीत प्रसंग जास्त खोल जातो आणि नव्या पद्धतीत तो जास्त लवकर आटोपतो. दोन्ही गुणच आहेत, असं त्यांचं मत पडलं. मात्र नव्या पद्धतीप्रमाणे हा प्रसंग दुसऱ्या ओळीतच निकाली निघालेला आहे, कारण थांबल्यानंतर अर्जदाराने पुन्हा हालचाल केल्याची नोंद दिसत नाही.

वत्सलाबाईंनी विचारलं की चारच थर का. तीन का नाहीत, सहा का नाहीत? माणसाच्या मनाचा कोणी अभ्यास केला होता का?

पोफळ्यांनी फाइलची पानं उलटली. अभ्यास झाला होता. डबे आले तेव्हा झाला होता. नगरपरिषदेने थर ठेवण्यासाठी प्रत्येक घराला एक या प्रमाणात पाच कप्प्यांचे डबे मागवले होते. पुरवठादाराकडून आले चार कप्प्यांचे. डबे परत पाठवायचे की पद्धत बदलायची, यावर सभेत दोन तास चर्चा झाली. डबे गोदामात उतरवून झालेले होते, हमाल निघून गेले होते. मग चार थरांची पद्धत शिकवणारे कोणी आहेत का याची चौकशी केली, तेव्हा कुलथे सापडले.

"म्हणजे मापाचा डबा मिळाला नाही म्हणून तुम्ही माणूसच कापला," वत्सलाबाई म्हणाल्या. तीस वर्षांत त्यांनी एकाही मुलीला कपडा कमी पडला म्हणून खांदा लहान करू दिला नव्हता.

पोफळ्यांनी हे वाक्य इतिवृत्तात घेतलं. मग समजावणीच्या सुरात त्यांनी सांगितलं की एकूण साडेचार हजार घरांतून ही पहिलीच हरकत आहे. त्यातून बाईमाणसांच्या हरकती सहसा येत नाहीत, म्हणून विभागाने त्या सगळ्यांची संमती आधीच लावून ठेवली होती. "घोलप बाई, तुमच्या नावापुढेसुद्धा हो लिहून झालंय. विचारायला काय, विचारलं असतं. पण तुम्ही हो म्हणाल असं धरून चाललो."

वत्सलाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी मान डावीकडे कलती केली, कानामागून पाचवा थर सोडवला, टेबलावर पसरला आणि त्यातलं वाचायला सुरुवात केली. आवाज चढला नव्हता. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोहोचायचा तेवढाच होता.

"मला विचारायचं होतं. यंत्र माझं होतं म्हणून नव्हे, मी समोर उभी होते म्हणून. मी हो म्हटलं असतं. पण ते माझं हो असतं. तुम्ही ते माझ्या तोंडातून काढून स्वतःच म्हणून टाकलंत, आणि वर हसलात. पुन्हा असं करायचं नाही."

अकरा वर्षं घासूनपुसून उत्तर एवढंच उरलं होतं. खोलीत पंखा फिरत होता. पोफळे शेवटच्या शब्दापर्यंत लिहीत राहिले, मग त्यांनी टेबलावरचा थर बोटाने चाचपला आणि उजेडाकडे धरून पाहिला. आरपार दिसत होतं.

तो रिकामा झाला होता. पोफळ्यांनी नियम काढून वाचून दाखवला: रिकामा थर हा थर नसून वैयक्तिक सामान समजावं. सामान जमा करण्याची तरतूद नव्हती. त्यांनी वत्सलाबाईंच्या नावापुढचं हो खोडलं, बाजूला नाही लिहिलं, त्यावर सही केली आणि थर घडी करून परत दिला. डबाही न्यायला सांगितलं. वत्सलाबाईंनी डबा नेला नाही.

घरी येऊन त्या जेवल्या. अडीच वाजता नेहमीच्या खुर्चीत बसल्या, सवयीने आत चाचपलं, आणि दुरुस्त करायला काही नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. अकरा वर्षं रोज दुपारी अर्धा तास या घरात दोन माणसं असायची. आज भांडायला कोणी नव्हतं, आणि जिंकलो याचा आनंद कोणाला सांगावा तर ज्याला सांगायचा तोही नव्हता. तीन वाजेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

मग उठून त्यांनी थर गच्चीवर नेला, दोन चिमटे लावून उन्हात घातला. प्रमिलाबाई बाजूच्या दोरीवर आपले चार थर घालत होत्या. चौथा घालून झाल्यावर त्या बराच वेळ आपल्या दोरीवरच्या पाचव्या थराच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या आणि मग खाली गेल्या.

ऊन उतरल्यावर वत्सलाबाईंनी थर काढला, झटकला, कानामागून आत बसवला. जागा कोरी आणि उबदार होती. सुनावणी चालू असताना पोफळे साहेबांनी एकदाही मान वर करून आपल्याकडे पाहिलं नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं. ते त्यांनी नीट घडी करून तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर, अडीच वाजता, त्या खुर्चीत येऊन बसल्या आणि उत्तराचं पहिलं वाक्य जुळवायला लागल्या.