समुद्र न पाहिलेल्या आप्पांचं उत्तर

भीमाशंकर आप्पांच्या हातून आयुष्यात एकच पत्र बरेच दिवस बिनउत्तराचं राहिलं, आणि नेमकं तेच पत्र नातीच्या सोयरिकीचं होतं!

एरवी आप्पा पत्रांच्या बाबतीत भारी काटेकोर. उमापूरच्या वाचनालयात त्यांची सगळी नोकरी पुस्तकं देण्याघेण्यात गेली. माणूस इतका भिडस्त की पुस्तक उशिरा आणणाऱ्याकडे दंड मागायचा झाला, तर आधी स्वतःच माफी मागायचे. चारचौघांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. कागदावर मात्र वाघ! म्हणून तर नांदूरघाटहून पाकीट आलं, तेव्हा ते वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि बायकोला, कावेरीबाईंना, जन्मात पहिल्यांदाच ऐटीत सांगितलं, "उद्याच्या टपालानं उत्तर जातं बघ! एवढं वाचलंय ते काय रद्दीत घालायला?"

कावेरीबाई तांदूळ निवडत होत्या. "उद्याच्या म्हंजे कुठल्या उद्याच्या?" त्यांनी खडा बाजूला काढत विचारलं.

पत्र होतं शांतादेवींचं. नांदूरघाटला त्यांचं किराणा दुकान. त्यांचा मुलगा केदारनाथ आणि आप्पांची नात शिवकन्या यांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मधल्या काळात इंजिनियर झालेली शिवकन्या नौदलात अधिकारी म्हणून निवडली गेली. घरात पेढे वाटून झाले. पुण्याला राहणारे शिवकन्येचे वडील म्हणाले, "शब्द आप्पांनी द्यायचा, ते वडीलधारे." आणि शब्दाआधी शांतादेवींनी हे पत्र धाडलं. अक्षर केदारनाथचं, बोल त्यांचे:

"आप्पांना नमस्कार. पोरगी आमाला लई आवडली. पर सून नेव्हीत जानार, तर घरच्यांनी आधी काय काय माहीत करून घ्यावं ते लिवून कळवा. बोटीवर फोन लागतो का? सणाला सुट्टी भेटती का? तिथं आपल्यासारखं शाकाहारी जेवण हाय का? तिची बदली झाली की आमच्या केदारनं दुकानाला कुलूप लावून मागं मागं जायचं का? तुमी वाचलेलं मानूस. फोनवर सांगू नका, फोनवरचं वाऱ्यावर जातं. तुमचं उत्तर आलं की तारीख काढू."

आता आमच्या भागातली एक रीत सांगितली पाहिजे. सोयरिकीत नकार कुणी तोंडानं देत नाही. तोंडानं 'नको' म्हटलं की पुढच्या पिढ्यांचं येणंजाणं बंद! त्यापेक्षा पत्राला उत्तरच द्यायचं नाही. समोरचा काय ते समजतो, 'योग नव्हता' म्हणतो, आणि दुसऱ्या लग्नात पंगतीला शेजारी बसून खुशाल बुंदी वाढून घेतो.

ही रीत आप्पांना माहीत होती. पण आपण गप्प बसलोय हेच त्यांना माहीत नव्हतं! ते तर रोज उत्तर लिहीत होते!

पहिला मसुदा 'पृथ्वीवर पाणी कसे आले' इथून सुरू झाला. नौदलापर्यंत यायला बरेच कागद लागणार, हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो फाडला. दुसरा जुन्या काळच्या आरमारात शिरला आणि तोफांच्या धुरात शांतादेवींचा फोनचा प्रश्न दिसेनासा झाला. तिसऱ्यात त्यांनी लिहिलं, 'समुद्राचे पाणी खारट असते', आणि लेखणी थबकली. आपण चाखलंय कुठं? पैठणच्या धरणापलीकडं आपण पाणी पाहिलेलं नाही. ऐकीव गोष्ट लिहायची, तीही पोरीच्या सासरी?

आप्पांनी तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ ढवळलं आणि ते घटाघट प्यायले. मग दिवसभर परसदाराच्या वाटेवर इतक्या खेपा घातल्या की कोंबड्यांनी ती वाट सोडली.

"अवो, पोरगी समुद्रावर चालली, समुद्र पोटात कशापायी घालताय?" कावेरीबाईंनी सुंठ उगाळत विचारलं.

"अनुभवाशिवाय लिहिणं बरं नव्हे," आप्पा क्षीण आवाजात म्हणाले.

मग अनुभवाचा सपाटाच लागला! बोट लागते म्हणजे काय होतं? आप्पांनी अंगणातल्या कडुलिंबाला झोका बांधला, हातात पुस्तक घेतलं आणि शेजारच्या आसारामला हाक मारली. आसाराम फौजेतून हवालदार होऊन परतलेला. आता शेळ्या पाळायचा, पण शेळ्यांनाही 'दाहिने मूड' म्हणायचा.

"आसाराम, नौदलाची थोडी माहिती..."

"नेव्ही म्हंजे काय आप्पा, वली मिलिटरी! बसा, धरा दोर घट्ट. मी दावतो तुमाला तुफान!"

आसारामनं असे काही झोके दिले की आप्पांना कडुलिंबाच्या शेंड्यावरून शेजारचं गाव दिसलं. पुस्तकाचं एक पान वाचून झालं नाही, तोवर सकाळची भाकरी बाहेर आली.

"शाबास!" आसाराम म्हणाला. "आता आडवं तुफान दावू का?"

यावर कळस म्हणजे फोन. बोट दूर गेली की फोन लागत नाही, असं आप्पांनी कुठंतरी वाचलं होतं. मग घरच्यांना कसं वाटत असेल? कळायचं कसं? आप्पांनी आपला मोबाइल बंद केला आणि ज्वारीच्या कोठीत खोल पुरला. घरात दुसरा फोन नव्हता.

झालं! इकडे आप्पा विरहाचा अभ्यास करीत होते आणि तिकडे नांदूरघाटला शांतादेवी नंबर फिरवून फिरवून दमल्या. पत्राला उत्तर नाही. फोन बंद. एवढा ठसठशीत नकार आजवर त्यांना कुणी दिला नव्हता! त्यात आसाराम पाहुण्याच्या लग्नाला नेमका नांदूरघाटला गेला आणि आगपेटी घ्यायला नेमका त्यांच्याच दुकानात शिरला.

"उमापूरचे का तुमी? भीमाशंकर आप्पा कसे हायेत?" शांतादेवींनी विचारलं.

"आप्पा? हायेत, पर ठीक न्हाईत. दिसभर झोक्यावर बसत्यात, वकत्यात, कागदं फाडत्यात. नात नेव्हीत चालली ना. खारं पानी बी पेले मधी."

शांतादेवींच्या हातातली आगपेटी गळाली. म्हाताऱ्यानं धसका घेतला! त्याला पोरगी नेव्हीतही नको आणि आपल्या घरातही नको! त्यांनी मंडपवाल्याला 'थांब' म्हणून सांगितलं आणि केदारनाथला म्हणाल्या, "योग नव्हता म्हनायचं, बाळा."

केदारनाथ दोन्ही वेळा न जेवता साखरेची पोती मोजत बसला. मग त्यानं शिवकन्येला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या दारात हजर! पुण्याहून रात्रभर एसटीनं आलेली, डोळे लाल.

"आप्पा, तुम्हाला केदार पसंत नाही का?"

"कोण म्हणतं?" झोक्यावरचे आप्पा दचकले. हातात पुस्तक, पुढ्यात बादली.

"तुम्हीच! पत्राला उत्तर नाही, फोन बंद. आता थोड्या दिवसांत मी ट्रेनिंगला केरळात जाणार. तिथून मी कुणाकुणाची समजूत घालू? एवढ्या मोठ्या परीक्षेत पास झाले मी आप्पा, आणि तुमच्यापाशी नापास?"

आप्पांचा चेहरा मिठाच्या पाण्यासारखा झाला. ज्या नातीसाठी एवढा खटाटोप, तिचंच लग्न त्यांनी मोडून ठेवलं होतं! ते बोलायला गेले, पण चारचौघांत न फुटणारा शब्द आज दोघांतही फुटेना.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. शांतादेवी उतरल्या, हातात शहाळी. मागं केदारनाथ, मान खाली.

"सोयरीक मोडली म्हनून मानुसकी मोडत न्हाई," शांतादेवी फाटकातूनच म्हणाल्या. "आजारी मानसाला बगाय आलो." मग त्यांनी झोका पाहिला, बादली पाहिली, आणि आवाज बारीक करून कावेरीबाईंना विचारलं, "कधीपास्नं असं हाय वो?"

"तुमचं पत्र आल्यापास्नं!" कावेरीबाई ठसक्यात म्हणाल्या.

"म्या काय एवढं वंगाळ लिवलं?"

"वंगाळ न्हाई. पर ह्यांना म्हाईत न्हाई म्हनून लिवता येईना, आन म्हाईत न्हाई हे सांगता येईना! खरं का न्हाई वो?"

आप्पा झोक्यावरून उतरले. जमीन अजून हलत होती. कडुलिंबाला धरून ते म्हणाले, "शांतादेवी, मला समुद्रातलं काही कळत नाही. मी पाहिलेलाच नाही. नकार नव्हता हो! मला वाटलं, वाचलेला माणूस म्हणून तुम्ही विचारलंत आणि मी अर्धवट लिहिलं, तर पोरीला सासरी कमीपणा येईल."

मग शांतादेवी अशा हसल्या की हातातलं शहाळं घरंगळत बादलीपाशी गेलं. "आप्पा, अवो, आमाला तरी कुठं म्हाईत हाय! न्हाई म्हाईत, एवढंच लिवायचं की! दोघं मिळून अडानी राह्यलो असतो!"

"आणि मला कुणीच विचारलं नाही," शिवकन्या म्हणाली. "जाणार मी!"

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ती आत्ताच जीपमधून उतरली.

मग कडुलिंबाखाली सतरंजी पडली. शिवकन्येनं सांगायला सुरुवात केली. ट्रेनिंग पुरं होईस्तोवर लग्न करता येत नाही.

"अगं बया! म्हंजे मंडपवाल्याला थांबवलं तेच बरं झालं!" शांतादेवी म्हणाल्या.

जहाज समुद्रात गेलं की कधीकधी बरेच दिवस फोन नाही. फोन नाही म्हणजे संकट नाही, एवढं घरच्यांनी मनाशी धरायचं. कुठं आहे, कधी येणार, हे विचारायचं नाही, कारण तिलाही सांगता येणार नाही. जेवण शाकाहारी मिळतं. सुट्टी ठरते आणि ऐनवेळी रद्दही होते. आणि जहाजाविषयी काहीही व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही.

शांतादेवींनी हळूच पिशवीतून मोबाइल काढला. "तुझ्या वर्दीतल्या फोटूला बोटीचं चित्तर लावून स्टेटस ठिवलंय मी. काढू?"

"अजून वर्दीच मिळाली नाही मला!"

"दुकानातल्या पोरानं बनवून दिलं. काढतेच."

केदारनाथनं पहिल्यांदा मान वर केली. "आन बदली? माजं दुकान?"

"दुकान चालू राहील. मी बंदरात असले की तू यायचं, मला सुट्टी मिळाली की मी येणार. पुढं नौदलाचं घर मिळालं, की तेव्हा दोघं बसून ठरवू. मात्र कधीकधी तुझ्या वाट्याला नुसती वाट बघणं येईल. जमेल?"

"उधारीवाल्यांची वाट बगायची सवय हाय मला," केदारनाथ म्हणाला. "तू तर नक्की येनार."

आप्पांना वाटलं, एवढ्या मसुद्यांत आपल्याला असं एक वाक्य सुचलं नाही.

"आन सण?" शांतादेवींनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "जाऊ द्या. ती येईल तवा दिवाळी. करंज्या काय, कवाबी तळता येत्यात." उठता उठता त्या थांबल्या. "सगळं झालं. पर आप्पा, पत्राचं उत्तर कागदावरच पायजे! भावकीत दावाया लागतं. केदारच्या नावानं धाडा."

जीप वळली आणि आप्पा लिहायला बसले. या खेपेला लेखणी अडली नाही. 'मला काही माहीत नाही' इथून सुरुवात झाल्यावर अडणार कशाला? क्षमा मागितली, शहाळ्यांचे आभार मानले, शिवकन्येनं सांगितलेलं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं. स्वतः चौकात जाऊन पाकीट लाल पेटीत टाकलं आणि घरी येऊन खुर्चीत बसले. किती दिवसांनी खुर्ची स्थिर होती!

"टाकलं?" कावेरीबाईंनी विचारलं.

"टाकलं!"

"होकार लिवला ना?"

आप्पा बोटांवर मोजू लागले. क्षमा लिहिली होती, आभार लिहिले होते, जेवणाचंसुद्धा लिहिलं होतं...

"अवो, आदी तो लिवायचा असतो!"

आप्पा चपला उलट्यासुलट्या घालून चौकात धावले. पेटी रिकामी करून पोस्टमन प्रवीण निघूनही गेला होता. समोरच्या पोस्टात त्यांनी एक कार्ड घेतलं आणि खिडकीशी उभ्या उभ्या आयुष्यातलं सगळ्यांत छोटं पत्र लिहिलं: 'होय. अगदी मनापासून होय. माझ्याकडून आता उशीर नाही.' पत्ता घातला: चि. केदारनाथ, किराणा दुकान, नांदूरघाट. कार्ड पेटीत पडल्याचा आवाज कान लावून ऐकला.

छाती काढून ते घराकडे निघाले. अर्ध्या वाटेवर पाय थबकले. उघडं कार्ड. वाटेत सगळं गाव वाचणार. लग्नाच्या तरण्या पोराच्या नावानं 'अगदी मनापासून होय'.

आणि खाली सही करायची राहिली होती!