दिवा क्रमांक तीनचं संशयास्पद वर्तन

"गुन्हेगार माझ्या नुसत्या सावलीला घाबरतात," असं मडिवाळप्पा भेटेल त्याला सांगत. अख्ख्या सोलापुरात त्यांच्याइतकी तीक्ष्ण नजर कुणाची नाही, हेही तेच सांगत. चष्मा कुठं ठेवलाय ते मात्र बायकोला, चन्नम्मांना, सांगावं लागे. कुर्डुवाडीला तिकीट तपासता तपासता निवृत्त झाल्यावर त्यांनी जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये गुप्तहेर कचेरी काढली आणि ती गुप्त राहू नये म्हणून गॅलरीत दाराएवढी झगझगीत पाटी लावली. दिवस मावळायच्या आधीच ती पेटायची. मदतनीस म्हणून चन्नम्मांचा भाऊ गुरप्पा. दाजींना नाही म्हणायची बिचाऱ्याची छाती नव्हती.

पहिली केस गॅलरीसमोरच उभी होती, खांबावर. आवारात कोणते दिवे घ्यायचे हे ठरवायला सोसायटीनं तीन दिवे लावून पाहिले होते. पहिला जुना पिवळा सोडियमचा. तो नुसती वीज ढोसायचा. दुसरा एलईडी, थोडक्या विजेत लख्ख. पण या कोपऱ्यापर्यंत वायर आणायची तर सगळी फरशी उकरावी लागणार. म्हणून इथं तिसरा, सोलरचा. ना वायर, ना बिल, अंधार पडला की आपसूक लागणारा. गुरप्पानंच तो सुचवला होता, आणि नेमका तोच लागत नव्हता! दुकानात नेऊन पॅनेल झाकून पाहिला की लख्ख, खांबावर चढवला की ढिम्म.

त्या खांबाखाली सोजरबाईंचा भाकरीचा गाडा. अंधारात गिऱ्हाईक फिरकेना. रविवारच्या मीटिंगपर्यंत दिवा लागला नाही तर खांब निघणार, आणि गाडाही.

"भाऊ, किती वर्सं हितं भाकरी थापतीया मी," सोजरबाई गुरप्पाला म्हणाल्या. "आता कुटं जाऊ?"

गुरप्पाला लई वाईट वाटलं. दिवा सुचवून आपण हिच्या पोटावर पाय दिला, या विचारानं त्याला जेवण जाईना.

"घातपात आहे," मडिवाळप्पांनी जाहीर केलं. "कावळा पॅनेलवर बसून ऊन अडवतोय."

"एक कावळा दिवसभर बसतो, दाजी?"

"पाळीपाळीनं बसत असतील. टोळी आहे."

दुसऱ्या दिवशी टोळी निर्दोष सुटली आणि संशय एलईडीवर गेला. "एवढं तेज प्रामाणिकपणे येत नाही, गुरप्पा. तो याची वीज चोरतो."

"तो वायरवर चालतो, हा उन्हावर."

"म्हणूनच तर कुणाला संशय येत नाही!"

शनिवारी पाटी पेटवून मडिवाळप्पा गुरप्पाला घेऊन, वेषांतर करून खाली उतरले. भर मे महिन्यात अंगावर सोलापुरी चादर.

"काय ओ साहेब, ताप आलाय व्हय?" सोजरबाईंनी विचारलं.

"तुमच्या चुलीचा धूर पॅनेलवर बसतो! कबूल करा!"

"अवो, गॅस हाय की!"

मडिवाळप्पा जरा वरमले. "बरं, तोवर माझ्या पाटीचा उजेड घ्या."

"त्यो समदा खांबाच्या डोस्क्यावर पडतोय. खाली तुमच्या गॅलरीची सावलीच."

तेवढ्यात लाईट गेली. सोडियम विझला, एलईडी विझला, पाटी विझली. आणि तिसरा दिवा टप्पकन लागला!

"बघितलंस? माझ्या धाकानं लागला!" मडिवाळप्पा ओरडले. लाईट परत आली, पाटी झगझगली, तिसरा दिवा विझला. "पुन्हा घातपात!"

सोजरबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली. खांबाकडं पाहिलं, मग पाटीकडं.

"वैनी," त्यांनी वर हाक मारली, "ती पाटी बंद करा की जरा."

चन्नम्मांनी खटका दाबला. थोड्याच वेळात दिवा लागला.

"त्याला बिचाऱ्याला वाटतंय, अजून दिवसच हाय!" सोजरबाई म्हणाल्या.

गुरप्पा हसता हसता मटकन खालीच बसला. केवढं ओझं उतरलं त्याच्या डोक्यावरचं! मडिवाळप्पांनी चादर सावरली.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो, गुन्हेगार घटनास्थळाजवळच राहतो."

"चन्नम्माक्काच्या घरात राहतो, दाजी."

रविवारी सोलरचा दिवा पास झाला आणि गाडा जागेवर राहिला. पाटी आता विझलेलीच असते. पण समोरच्या दिव्याच्या उजेडात ती आपसूक वाचता येते, एक पैशाची वीज न जाळता. हा शोधही आपणच लावला, असं मडिवाळप्पा गिऱ्हाइकांना सांगतात.

"व्हय, व्हय," म्हणत सोजरबाई त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकतात. तेवढा वेळ तरी ते गप्प बसतात.