शिरोडेकाकांची झडती

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी लगेच दत्तात्रय शिरोडे हे नाव सांगतो. नाशिक रोडची जुनी माणसं हे नाव ऐकून हसतात, कारण त्यांना आधी आठवतात ते काकांचे वर केलेले हात.

काका नोटांच्या प्रेसमध्ये होते. सुटी झाली की फाटकावर रोज झडती. हात वर करायचे, रखवालदार खिसे चाचपणार, "जा" म्हणणार, मग घर. सगळी नोकरी अशी गेल्यामुळे निवृत्तीनंतरही ते हात ऐकेनात. कुठल्याही फाटकातून बाहेर पडताना काका थांबत आणि दोन्ही हात वर करत. दवाखान्यातून निघताना करत, मंगल कार्यालयातून जेवून निघताना करत. एका लग्नात वधूपित्याला वाटलं, हे आशीर्वाद देताहेत. तो वाकून पाया पडला. काकांनी आशीर्वाद दिला, पण हात वरच. "अहो, खिसे बघा ना," म्हणाले.

मी देवळ्याहून कॉलेजसाठी आलो तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. ओळखीच्या ओळखीतून काकांच्या घराची मागची खोली मिळाली. काकू आधीच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. माझं आडनाव पवार, पण काकांनी ते कधी मनावर घेतलं नाही. रोज सकाळी दारातून हाक यायची, "काय देवळेकर, चलनात आहात ना?"

जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी एकतर चलनात असत, नाहीतर बाद. काळी पडलेली केळी बाद. अंगठा तुटलेली चप्पल बाद, पण चांभाराकडून आली की पुन्हा चलनात. दुसऱ्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो आणि मुकाट्यानं वळकटी बांधून गावी गेलो. मी स्वतःला बाद समजलो होतो. दोनच दिवसांनी काका एसटीनं देवळ्यात हजर. वडील कांद्याच्या चाळीत होते.

"तुमचा पोरगा चलनात आणायचाय," काका म्हणाले.

वडिलांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "म्हंजे? खोटा निघाला का काय?"

"खरा आहे हो. छपाई अर्धी राहिलीय."

वडील एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्याच संध्याकाळच्या गाडीनं मी परत आलो. इतिहास घेऊन बी. ए. झालो, ते त्या एका वाक्यामुळे.

रविवारी काका मला नाणी बघायला नेत. त्र्यंबक रोडला एका निवृत्त डॉक्टरांनी बंगल्याच्या तळमजल्यावर स्वतःची नाणी काचेत मांडली होती आणि ती लोकांना फुकट दाखवत. पहिल्या रविवारी निघताना काकांनी सवयीनं हात वर केले. नुकतेच कामाला लागलेल्या रखवालदार रामभाऊंना वाटलं, चोर स्वतःच कबूल झाला. त्यांनी फाटकाला कुलूप घातलं आणि डॉक्टरांना हाका मारल्या. उलगडा झाल्यावर मात्र दर रविवारी रामभाऊ काकांची रीतसर झडती घेऊ लागले. काका त्यांच्यावर फार खूष होते. "प्रेसमध्ये असतास तर बढती मिळाली असती," म्हणायचे.

सातवाहनांची शिशाची नाणी, मोगलांचे रुपये, होळकरांची नाणी बघताना मी हरखून जायचो. काका मात्र या सगळ्यांपुढून ओळखीच्या माणसाला मान हलवावी तसे निघून जात आणि खिडकीजवळच्या शेवटच्या काचेपाशी थांबत. तिथं इंग्रजी अमलातला एक चांदीचा रुपया होता. त्याला कडी जोडलेली, एका बाजूचा राजाचा चेहरा पार घासलेला. खाली कार्ड होतं: 'कडी जोडल्यामुळे व झिजल्यामुळे खराब.'

"डॉक्टर, तेवढं 'खराब' काढा," काका म्हणत.

"शिरोडे, कडी लावली की नाणं खराबच. आम्हा संग्राहकांची भाषा आहे ती."

"वहिनींच्या मंगळसूत्रातल्या वाट्यांना कड्या आहेत. सांगू का त्यांना, खराब म्हणून?"

डॉक्टर हसत, आतून चहा मागवत. कार्ड तसंच राही. हे भांडण मी किती रविवार ऐकलं असेल. मला वाटायचं, म्हाताऱ्याला वेळ घालवायला एक विषय हवा, दुसरं काय.

पुढे मला येवल्याच्या शाळेत नोकरी लागली. काकांचे गुडघे गेले आणि सुरतेचा पुतण्या त्यांना न्यायला आला. जाण्याआधीच्या रविवारी मी त्यांना रिक्षानं संग्रहालयात नेलं. त्या दिवशी ते डॉक्टरांशी भांडले नाहीत. काचेवर बोट ठेवून मला म्हणाले, "ही कडी कुठं बसवली, ठाऊक आहे?"

"कुठं?"

"सटाण्याला. आमच्या आईनं. लग्नात सोनं घालायची ऐपत नव्हती, म्हणून हा रुपया. इंदू, तुझी काकू, काळ्या दोऱ्यात घालायची. पुढं मी सोन्याची माळ केली, तर म्हणाली, माले हाईच बेस शे. माळ सणाला, हा रोज."

मी राजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"तोंड आत ठेवायची त्याचं," काका म्हणाले. "म्हणायची, बाहेर मिरवायला हा काय आपला पाव्हणा? राज्य कुणी घालवलं ते तुमच्या पुस्तकात असेल. नाक कुणी घालवलं ते मला माहीत आहे."

"मग दिलात कशाला?"

"कपाटात पडून बाद झाला असता. माझ्यामागं बघणार कोण? इथं चार माणसं बघतात. डॉक्टरला म्हटलं, जुन्या डब्यात सापडला." त्यांनी बोट खालच्या कार्डाकडे नेलं. "खराब म्हणतो रे तो."

फाटकाशी त्यांनी हात वर केले. रामभाऊंनी नेहमीपेक्षा सावकाश खिसे चाचपले. "नीट बघ," काका म्हणाले, "काही नेत नाही मी."

त्यानंतर महिन्याभरात मी त्यांना हे पत्र लिहिलं.

ती. काकांस,
साष्टांग नमस्कार.

गुडघे कसे आहेत? सुरतेच्या फाटकांवर कुणी झडती घेतं का?

रविवारी येवल्याहून पहिल्या गाडीनं संग्रहालयात गेलो. सांगू नको असं तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काचेवरचा डाग पुसत होते. डाग नव्हता. मग म्हणाले, "भांडला एवढा, पण हे बोलला नाही." त्यांनी कोरं कार्ड माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, तुम्ही इतिहासाचे, तुम्हीच लिहा. दोन-तीन कार्डं वाया गेल्यावर जमलं ते असं:

'रुपया, चांदी. कडी सटाण्याच्या सोनाराची. राजाची बाजू इंदूबाई शिरोडे यांच्या रोजच्या वापराने गुळगुळीत.'

खाली 'स्थिती' असा रकाना असतो. डॉक्टरांनी विचारलं, इथं काय लिहायचं? मी 'चलनात' लिहिलं. ते म्हणाले, ही संग्राहकांची भाषा नाही. पण कार्ड त्यांनी स्वतःच्या हातानं आत ठेवलं.

निघताना फाटकाशी माझे हात आपोआप वर गेले. रामभाऊंनी खिसे चाचपले, एसटीचं तिकीट काढून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि "जा" म्हणाले. तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

तुमचा,
देवळेकर