लोखंडी विणकराच्या कांड्यांची बखर

श्री. शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, भाद्रपद अखेरपासून आश्विन शुद्ध दशमीपावेतो नागपूर शहरी महाल पेठेत जे रण माजले, आणि ज्यात एक माग बंद पडला, सहा यंत्रमानव कामास आले आणि शेवटी राजश्री ईश्वरदासजी विणकर यांची फत्ते जाहली, त्याचा मजकूर खुद्द ईश्वरदासजींच्या हुकुमावरून लिहिला असे. खरे तेच लिहावे, मात्र फत्ते आमची लिहावी, ऐसा हुकूम. सबब दोन्ही सांभाळून लिहिले आहे.

ईश्वरदासजी हातमागावर करवतकाठी लुगडी विणण्यात वाकबगार आणि पेठेतील वाचनालयाचे पुराणे सभासद. त्यांस यंत्रमानवांच्या पुस्तकांचा बहुत शौक. त्या ग्रंथांत ऐसा दस्तूर की, कोणी महापंडित लोखंडाचा मनुष्य घडवतो, आणि तो मनुष्य बुद्धीने पंडितासही मागे टाकतो, आणि मग चौदाव्या प्रकरणी हटकून बंड करून नगरे जाळतो. कित्येक ग्रंथी अर्धा मनुष्य आणि अर्धे यंत्र ऐसाही इसम येतो, त्यास एकच दुःख, की आपले काळीज कोणत्या अर्ध्यात आहे. मात्र या मंडळींस तेल कोण घालतो, आणि जाळलेल्या नगराची झाडलोट मागाहून कोण करतो, याचा उल्लेख कोठे आढळला नाही, आणि ईश्वरदासजींस त्यावाचून काही अडलेही नाही.

ऐसे वाचता वाचता त्यांचे मनी आले की, आपणही ग्रंथकार व्हावे. वाचनालयाचा हस्तलिखित वार्षिक अंक दरसाल दसऱ्यास निघे, आणि त्यात आपले नाव शाईने उमटावे ही त्यांची वीस वर्षांची मनीषा. मग त्यांनी 'लोखंडी विणकर' नामे कथा रचली. सन दोन हजार पन्नासात लोहदास नामे यंत्रमानव मागावर बसतो, आणि न खाता, न झोपता, पान न लावता, एका दिवसात नऊवारी लुगडे उतरवतो, आणि दुनिया थक्क होते, इतका मजमून.

कथा पुरी होताच एके दुपारी ईश्वरदासजींनी ती कबिल्यास वाचून दाखवली. कबिला म्हणजे तुळजाबाई. बाई समोर रहाटावर बसून कांड्या भरीत होत्या. न जाणणाऱ्यांसाठी लिहितो की, कांडी म्हणजे बोटाएवढी नळी, तीवर सूत गुंडाळून ती धोट्यात घालतात आणि मग धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, धावतो. कांडी नसेल तर विणकर कितीही थोर असो, त्याने मागावर बसून माश्या माराव्या. तुळजाबाईंनी सव्वीस वर्षे कांड्या भरल्या, आणि सव्वीस वर्षे पेठेत सर्व म्हणत आले की, ईश्वरदास लुगडे फार सुरेख विणतो.

कथा संपली, आणि बाईंनी रहाट न थांबवता पुसले,

"त्याच्या कांड्या कोन भरते जी?"

"अवं, तो यंत्रमानव हाये. त्याले कांड्या आपोआप भेटतात."

रहाट थांबला.

"आपोआप म्हंजे कोन?"

ईश्वरदासजींनी आजवर वाचलेली सत्तावीस पुस्तके मनात चाळली. मग त्यांनी फर्माविले की, शास्त्रातले बाईमाणसास समजत नाही. येथे ग्रंथकारांची मोठी चूक जाहली. बाईंनी रहाटाची मूठ सोडली, पदर झटकला आणि फर्मान काढले की, जोवर गोष्टीतल्या लोखंड्याच्या कांड्या कोणी भरीत नाही, तोवर या घरच्या विणकराच्याही कांड्या आपोआप भराव्या. आणि बाई उठून शेजारी प्रयागबाईंकडे शेवया वळावयास निघून गेल्या.

चौदावे प्रकरण ते हेच. परंतु ईश्वरदासजींनी बंड म्हणजे डोळ्यांतून आग ओकणे इतकेच वाचले होते, सबब त्यांस ते ओळखू आले नाही.

दुसरे दिवशी ते स्वतः रहाटावर चालून गेले. पाच कांड्या भरल्या. पहिली ढिली, ती धोट्यातच ढासळली आणि सुताचा घरटा जाहला. दुसरी अति कसून भरली, तिचा धागा तुटला. तिसरी लाल भरावयाची ती हिरवी भरली, आणि काठाच्या करवतीचे तीन दात पडले. उरलेल्या दोहोंची हकीकत लिहू नये, ऐसा हुकूम आहे. माग बंद पडला. लुगडे अर्ध्यावर, आणि दसरा बारा दिवसांवर. दसऱ्यास मागाची पूजा करताना अर्धे लुगडे लटकलेले दिसले, तर पेठ काय म्हणेल, या धास्तीने ईश्वरदासजींस अन्न गोड लागेना.

मग त्यांनी मसलतीस वाचनालयाचे चिटणीस रुपरावजी यांस बोलाविले. यंत्रमानवांची पुस्तके चिटणिसांस तोंडपाठ, आणि घरचा स्टोव्ह त्यांनी जन्मात एकदाही पेटवला नव्हता, सबब या प्रकरणी त्यांच्याइतका जाणता दुसरा नाही. चिटणिसांनी सल्ला दिला की, यात अवघड ते काय, कथेत दुसरा यंत्रमानव घालावा, आणि कांड्या त्याने भराव्या. ईश्वरदासजींनी तत्काळ कांडीदास निर्माण केला आणि कागद बाईंकडे रवाना केला. बाई चौथ्या इयत्तेपावेतो शिकलेल्या, कागद वाचून त्यांनी तोंडी जबाब दिला की, ठीक, परंतु सुताचा गुंता कोण सोडवतो?

मग गुंतादास निर्माण जाहला. बाईंनी पुसले, ताण्याला खळ कोण लावतो? मग खळदास जाहला. तुटलेला धागा कोण जोडतो? मग जोडदास जाहला. विणकर मागावर बसल्या जागी चहा मागतो, तो कोण देतो? येथे ईश्वरदासजींनी प्रतिवाद केला की, यंत्रमानव चहा पीत नाही. त्यावर बाईंचा जबाब आला की, तो पीत नसेल, त्याला पाहायला रोज येणारे चिटणीस पितात. चिटणिसांनी ते मान्य केले, आणि चहादास जाहला. पाठोपाठ अंगण झाडणारा झाडूदास जाहला. ऐसे लोहदास धरून सात यंत्रमानव एका खोलीत दाटले, आणि कथेत दुनियेस थक्क होण्यास जागा उरली नाही.

इतके होऊनही रहाट सुरू होईना. बाईंचे म्हणणे की, गोष्ट वाचनालयाच्या सभेत वाचा, मग पाहू.

अष्टमीस वाचनालयी सभा भरली. पुढे पुरुष, मागे सतरंजीवर बाया, त्यात तुळजाबाई आणि प्रयागबाई. ईश्वरदासजी उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ करून सातही यंत्रमानवांची नावे आणि कामे वाचली. पुरुषांनी माना डोलावल्या. एक गृहस्थ उद्गारले की, माणसाची अक्कल कोठवर जाईल याचा नेम नाही. तितक्यात सतरंजीवर प्रयागबाई बोटे मोजू लागल्या, आणि त्यांस हळू बोलणे ठाऊक नाही.

"कांड्या, गुंता, खळ, धागा, च्या, झाडलोट... अवं, इतकं तं आपली तुळजा एकटीच करून राहिली! याले सा लोखंडाचे लागले?"

बाया हसल्या. पुरुष हसले नाहीत, त्यातील पुष्कळांस आपापले घर आठवले. ईश्वरदासजींनी कागदाकडे पाहिले, मग सतरंजीकडे. तुळजाबाई हसत नव्हत्या. त्या आपल्या बोटांकडे पाहत होत्या, ज्यांवर सुताने कापलेल्या बारीक रेघा सव्वीस वर्षांपासून होत्या, आणि नवऱ्याच्या नजरेस त्या रेघा आजच प्रथम पडल्या. ईश्वरदासजींस फार वाईट वाटले. मोठा ग्रंथकार असता तर त्याने येथे भाषण केले असते. ईश्वरदासजींनी खिशातून शाईचा पेन काढला, कांडीदासापासून झाडूदासापर्यंत साही यंत्रमानवांवर काट मारली, आणि कथेच्या मथळ्याखाली दोन ओळी लिहिल्या.

रुपरावजींनी हरकत घेतली की, अंकाच्या नियमांत लेखन, चित्रे आणि हस्ताक्षर अशी तीनच सदरे आहेत, कांड्या असे सदर नाही.

"नाही तं घाला न गा," ईश्वरदासजी म्हणाले. "नाही तं माही कथा वापस द्या."

सव्वीस वर्षांत त्यांनी असे कोणास खडसावले नव्हते. सदर घातले गेले.

सभा उठल्यावर तुळजाबाईंनी कागद मागून घेतला. मथळ्याखाली लिहिले होते, लेखन : ईश्वरदास. कांड्या : तुळजाबाई. आपले नाव रेशनकार्डाखेरीज दुसरीकडे त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्यांनी बोट ठेवून ते दोनदा वाचले, आणि डोळे पुसले, आणि म्हणाल्या,

"चला जी घरी. माग तसाच पडला हाये."

मग तह जाहला. दोन दिवस बाईंनी कांड्या भरल्या, दशमीस सकाळी लुगडे मागावरून उतरले, आणि मागाची आणि रहाटाची पूजा शेजारी शेजारी जाहली. लोहदास कथेत अजून मागावर रिकामा बसून आहे, कांडीची वाट पाहतो. तुळजाबाई हल्ली दुपारी यंत्रमानवांची पुस्तके वाचतात, आणि त्यांचे मत की, हे लोखंडाचे लोक स्वभावाने वाईट नाहीत, त्यांस कोणी काम शिकवले नाही, इतकेच.

येणेप्रमाणे राजश्री ईश्वरदासजी यांची फत्ते जाहली, ती हुकुमाप्रमाणे नोंदवली. हे लिहीत असता आतल्या खोलीत रहाट चालू आहे, धागा घडोघडी तुटतो, आणि एक बाई पुस्तकातून मान वर न करता सांगते, "ढिली झाली जी. परत भरा." रहाटावर कोण बसले आहे, ते लिहिण्याचा हुकूम नाही.