दत्तोबांचा खून नामंजूर

कुरुळीच्या जत्रेत दरवर्षी चैत्रात दत्तोबांचा खून होत असे आणि त्याबद्दल गावात कोणाचीही तक्रार नव्हती. खुद्द दत्तोबांची तर मुळीच नव्हती.

नाटक गावचंच होतं. ज्या आचार्यांनी हातात तलवार धरायला शिकवलं, त्यांच्याच छातीत दुष्ट दुर्जयसिंह तिसऱ्या अंकात कट्यार खुपसतो आणि गादी बळकावतो, एवढीच गोष्ट. आचार्य म्हणजे आमचे दत्तोबा. वर्षभर नांगरामागे चालायचे ते या एका मरणासाठी. मरता मरता ते एवढं लांबलचक भाषण करीत, की मध्येच पेट्रोमॅक्सला हवा मारावी लागे. पण शेवटी बायका डोळ्यांना पदर लावीत आणि आमच्यासारखे व्यवहारी पुरुषही नाक शिंकरीत.

पडदा पडला, की दुर्जयसिंहाने तोंडाचा रंग न पुसता सगळ्यांदेखत आचार्यांचे पाय धरायचे आणि आचार्यांनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा, अशी रीत होती. त्याशिवाय त्या नटाला गावात कोणी पाणी विचारीत नसे. एका वर्षी आमचा मारुतराव घाईघाईत तसाच घरी गेला, तर न्हाव्याने पुढची जत्रा येईपर्यंत त्याच्या गालाला वस्तरा लावला नाही. भर लग्नसराईत बिचारा दाढी वाढवून हिंडला.

मारुतरावानंतर दुर्जयसिंह मालोजीकडे आला. हा मालोजी लहानपणी इतका अडखळे, की त्याचं नाव सांगून होईपर्यंत विचारणारा निघून जायचा. दत्तोबांनी त्याला विहिरीच्या काठावर उभं करून आत ओरडायला लावलं, हसायला शिकवलं, डोळे वटारायला शिकवलं. चाकणपासून भोसरीपर्यंत तसा दुष्ट दुसरा नव्हता. दत्तोबा अभिमानाने सांगत, "माझा खून करावा तर माल्यानंच."

मग पिंपरीला मोठा कारखाना निघाला आणि मालोजी तिथे टाइमकीपर झाला. रविवारी तो सायकलवरून गावी येई, अंगात पँट आणि खिशाला पेन. आम्ही त्याला मालोजीराव म्हणू लागलो, कारण कारखान्यात अजून पुष्कळ जागा भरायच्या होत्या.

त्या वर्षी पहिल्याच तालमीला मालोजीरावांनी कट्यार खाली ठेवली. म्हणाले, असं एकदम भोसकणं बरोबर नाही, आधी कारण लागतं.

दत्तोबा चकित झाले. "आरं, तू दुष्ट हायेस. दुष्टाला कारण कशाला लागतंय?"

"कंपनीत दुष्टालाबी लागतं, तात्या," मालोजीराव शांतपणे म्हणाले. "आधी नोटीस, मग चौकशी. त्याबिगर आमी कुणाच्या केसालाबी धक्का लावत न्हाई."

मुद्दा बिनतोड होता. लगेच नाट्यसुधार समिती नेमण्यात आली. अध्यक्ष यशवंतराव पाटील, ज्यांचा मुलगा घरी बसून होता. आणि चिटणीस मी, ज्याचा मेहुणा बसून होता. समितीने निर्णय निव्वळ कलेच्या दृष्टीने घेतले, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

पहिल्या बैठकीत दुर्जयसिंहाने आचार्यांना नोटीस द्यावी असं ठरलं. दुसऱ्या बैठकीत नोटिशीनंतर खून बेकायदा ठरतो, हे ध्यानात आलं, म्हणून कट्यार रद्द करून शाल आणि नारळ मंजूर केला. आता शाल घेतलेला माणूस मरत नाही, आणि मरत नाही तो मरतानाचं भाषण तरी कसं करणार? तेव्हा तेही ओघानेच गेलं.

दत्तोबा समितीपुढे हात जोडून उभे राहिले. गादी काढा, तलवार काढा, पहिले दोन अंक काढा, म्हणाले, माझी ना नाही. "पर मला मरू तरी द्या, पाटील. दुसरं काय न्हाई मागत."

यशवंतरावांनी या विनंतीची सहानुभूतीपूर्वक नोंद घेतली. पण त्याच ओघात मालोजीरावांनी विचारलं, की तात्यांचं वय काय? कारखान्यात पंचावन्नला घरी बसवतात. दत्तोबांना साल ठाऊक नव्हतं. आपण प्लेगात जन्मलो, एवढंच आई सांगायची. आता आमच्याकडे प्लेग येऊन गेले बरेच. वय कमी धरून म्हाताऱ्यावर अन्याय होऊ नये म्हणून समितीने सर्वांत जुना प्लेग धरला. दत्तोबा पंचावन्नच्या पार पलीकडे निघाले.

आचार्यांची जागा रिकामी झाली. अनुभवी माणूस एकच होता, तेव्हा तिचा जादा कार्यभार मालोजीरावांकडेच सोपवला. दुर्जयसिंहही तेच, आचार्यही तेच. आता दोघांत वैर उरण्याचा प्रश्नच नव्हता. नाटक इतकं सुरळीत झालं, की त्यात काही घडेनाच.

म्हणून तिसऱ्या अंकात कारखान्याच्या साहेबांना बोलावून दत्तोबांचा सत्कार ठेवला. ते धुतलेलं धोतर नेसून आले. मालोजीराव बोलायला उभे राहिले, आणि काय बोलले म्हणून सांगू! "तात्यांनीच मला घडवलं," म्हणताना आवाज असा भरून आला, की विहिरीतली सगळी मेहनत फळाला आली. मग ते शाल घेऊन पुढे झाले. दत्तोबांनी सवयीने छाती पुढे केली, डोळे मिटले आणि वाट पाहत राहिले. मालोजीरावांनी खांद्यावर शाल टाकली. टाळ्यांनी मांडव हलला. माझेही हात दुखून आले.

पडदा पडला तरी दत्तोबा जागचे हलेनात. उजवी मूठ मिटलेली होती. मी कानात विचारलं, "तात्या, आता काय राह्यलं?"

"माल्या पाया पडायचा हाय न्हवं," ते म्हणाले. "गूळ आणलाय मी."

मी चिटणीस होतो, समजावणं माझं कामच. म्हटलं, तात्या, पाय धरायचे ते खून केल्यावर. यंदा खूनच झाला नाही, मग पाय कशाचे धरायचे? मालोजीराव तर केव्हाच साहेबांना पोचवायला मोटारीपर्यंत गेले होते. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने त्यांची दाढी स्वतःहून केली. पाटलांचा मुलगा कारखान्यात चिकटला, माझा मेहुणाही चिकटला. दत्तोबा पुढच्या जत्रेला आलेच नाहीत, आणि नाटकात त्यांची जागा नसल्यामुळे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तुम्हाला आता दत्तोबांचं वाईट वाटत असेल. वाटू द्या, चांगल्या माणसाचं लक्षण आहे ते. फक्त एवढं सांगा: तुमच्या हापिसात परवा त्या म्हाताऱ्या हेडक्लार्कना शाल-नारळ दिला, तेव्हा टाळ्या वाजवून तुम्ही लगबगीने चिवड्याच्या बशीकडे वळलात. त्यांची मूठ उघडी होती की मिटलेली, पाहिलंत का?