नानांची चार मजली काठी

नानांनी माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, तेव्हा आमची ओळखसुद्धा झालेली नव्हती.

धुळ्यातल्या या इमारतीत मी राहायला आले तो दिवस. खाली टेम्पोतून सामान उतरत होतं आणि मी कपाटावर डोळा ठेवून उभी होते. समोरून एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आले. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. दोन बोटांनी त्यांनी माझा चष्मा उचलला, त्यावर 'हाऽऽ' करून वाफ सोडली, खिशातल्या पिवळ्या फडक्याने पुसला आणि होता तसा माझ्या कानांवर बसवला. मग दोन पावलं मागे सरून म्हणाले, "आते दखा."

मी बघितलं. टेम्पोवाल्याने माझं कपाट उलटं उतरवलंय, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

मी शाळेत शिकवते. सगळी इमारत मला बाई म्हणते. कोणाचं चुकलेलं दिसलं की दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. किराणा दुकानाच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घही मी उभ्या उभ्या सुधारून आले आहे. माझ्या चष्म्याला हात लावायची छाती माझ्या नवऱ्यालाही कधी झाली नाही. पुढे कळलं की यात माझा काही विशेष मान नव्हता. नाना सगळ्यांशीच असं वागतात.

नाना मूळचे साक्रीकडचे. लाल बसवर ड्रायव्हर होते. धुळे, साक्री, नवापूर हा त्यांचा रस्ता. गाडी सुटली आणि नाना निवृत्त झाले, पण काच काही सुटली नाही. शिंप्याच्या दुकानाची शोकेस, दवाखान्यातली माशांची पेटी, मारुतीच्या देवळातला फोटो, जिथे काच तिथे नानांचं फडकं. आमच्याच इमारतीतल्या एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते स्टेजवर चढले आणि नवरदेवाचा चष्मा पुसून खाली उतरले. भटजी एक ओळ विसरले. नवरीकडच्या माणसांना वाटलं, यांच्यात अशी रीत असेल. नानांचं यावर एकच म्हणणं असतं.

"काच शे ना, मंग काच दिखाले नको."

नाना राहतात चौथ्या मजल्यावर. सोबत अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी. एवढ्या उंचावर घर का घेतलं, तर तिथल्या खिडकीतून साक्रीकडे जाणारा रस्ता दिसतो. अक्का दुपारी खिडकीशी खुर्ची टाकून बसायच्या आणि बसची पाटी वाचून आत हाक द्यायच्या, "नवापूर गई. उशीर व्हयना आज." नाना आतून ड्रायव्हरला दोन शिव्या घालायचे. असा त्यांचा संसार चालला होता.

आणि मग एके दिवशी अक्का म्हणाल्या, "गाडी दिखस, पाटी दिखत नही. काच धुरकट शे."

नानांच्या घरात काच धुरकट! त्यांना तो घाव वर्मी लागला. आमच्या इमारतीत खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या आतल्या बाजूला आणि सरकत्या काचा बाहेर, त्यामुळे बाहेरून काच पुसायला हात पोचत नाही. बांधणाऱ्याने हे काय डोकं चालवलं, देव जाणे. तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दार उघडते, तो खाली आरडाओरडा. नाना गच्चीच्या कठड्यावरून, कंबरेला अक्कांचं लुगडं बांधून, खाली लोंबायच्या तयारीत. मी सोसायटीची सेक्रेटरी. सभेत कोणीच हात वर केला नाही म्हणून ते पद माझ्याकडे आलेलं. पण असल्या प्रसंगी काय करायचं, हे नियमांत कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी मी शाळेतल्या आवाजात "नाना, खाली या" म्हणाले आणि ते मुकाट्याने आले.

पुढच्याच आठवड्यात नाना अक्कांचे डोळे दाखवायला नाशिकला जाऊन आले. मी चौकशीला गेले.

"डॉक्टर काय म्हणाले नाना?"

"डॉक्टर बोलना काहीबाही," नानांनी हात झटकला. "बाई, तो दवाखाना बठ्ठा काचना शे. आनि खाले उभा ऱ्हाईसन मानसे चौथा मजलानी काच धोतस. हातमा काठी. काठीमाईन पानी जास, वर बुरूस."

माणूस बायकोचे डोळे दाखवायला जातो आणि काठी बघून येतो. अक्कांनी मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि नानांनाच आत बोलावलं. बाहेर आले ते थेट काचा धुणाऱ्या माणसांकडे गेले आणि बराच वेळ मान वर करून बघत उभे राहिले. आत काय बोलणं झालं, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. "मी बी इचारं नही," अक्का म्हणाल्या आणि चहात साखर घातली. ती त्यांनी आधीच घातलेली होती.

पुढचे दिवस नानांच्या तोंडी काठीशिवाय विषय नव्हता. अखेर सोसायटीच्या सगळ्या खिडक्या धुवायच्या बोलीवर सोसायटीने काठी घ्यायचं ठरवलं आणि सेक्रेटरी म्हणून मी नानांबरोबर जळगावला गेले.

दुकानदाराने तीन काठ्या पुढे ठेवल्या. एक अ‍ॅल्युमिनियमची, एक फायबरची, एक कार्बनची. कार्बनची काठी एका बोटावर तोलून तो म्हणाला, "आजोबा, ही घ्या. पिसासारखी हलकी." नानांनी तिच्याकडे बघितलं, मग रस्त्यावरच्या विजेच्या तारांकडे बघितलं.

"वायरले लागनी तर?"

दुकानदार जरा घुटमळला. या काठीतून करंट उतरू शकतो, असं त्याने कबूल केलं. अ‍ॅल्युमिनियमचं तर विचारायलाच नको. राहिली फायबरची. ती अंगाने जड आणि लांबवली की वाकणारी. नानांनी ती पूर्ण उघडून दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि तसेच उभे राहिले. दुकानदाराने मला खुणेने विचारलं, यांना बरं आहे ना. मला तरी काय माहीत.

मग ब्रश निवडायचा होता. नानांनी प्रत्येक ब्रश आपल्या गालावर घासून बघितला. तिसरा जरा पसंत पडला, तेव्हा खात्री करून घ्यायला त्यांनी तो माझ्या गालावर घासला. भर दुकानात. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "गालले लागत नही, मंग काचले काय लागी," असं दुकानदाराला सांगून नानांनी तो ब्रश काठीला बसवला आणि कोणी काही म्हणायच्या आत दुकानाच्या नळीला जोडून काठी रस्त्यावर नेली.

वर दुकानदाराचंच घर होतं. खिडकी स्वच्छ धुतली गेली यात वाद नाही. फक्त काठी वाकली आणि ब्रश शेजारच्या गॅलरीत गेला. तिथे उडदाचे पापड वाळत घातलेले होते. एक बाई बाहेर आल्या, पापडांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "काय हो भाऊ, सक्काळपासून लाटले व्हते म्या." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना मात्र वर जाऊन त्यांच्या कपाटाची काच पुसून आले आणि येताना भिजलेले पापड भाजीला म्हणून पिशवीत घेऊन आले.

परतीच्या बसमध्ये मिटलेली काठीसुद्धा माणसापेक्षा उंच. ती आडवी ठेवली, तर एरंडोलला चढणारा माणूस तिला अडखळायचा आणि पारोळ्याला उतरणारा तिला नमस्कार करून ओलांडायचा. एका शेतकऱ्याने विचारलं, "नाना, हाई काय केळीना घड उतराले शे का?"

"नही," नाना म्हणाले, "अक्कानी खिडकीकरता शे."

काठी सोसायटीची होती. मी चूक सुधारायला तोंड उघडलं, पण नाना खिडकीबाहेर बघत होते, म्हणून राहू दिलं.

पहिली धुलाई झाली बोअरच्या पाण्याने. एक तर आमच्याकडे नळ येतो तोच मुळी चार दिवसांनी, त्यात हा माणूस भिंतींना आंघोळ घालतोय म्हटल्यावर बायका जिन्यात जमल्या. नानांच्या पाठीवर कपाशीवर औषध मारायचा फवारणीचा पंप, हातात काठी. पाणी सरसर वर चढलं, काचा चमकल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग ऊन लागलं. धुळ्याचं बोअरचं पाणी आणि एप्रिलचं ऊन. तासाभरात प्रत्येक काचेवर क्षारांचे पांढरे ठिपके उठले. इमारतीला कांजिण्या आल्यासारख्या दिसत होत्या. माझ्या खिडकीतून समोरचा रस्ता दिसेना.

मला वाटलं, चला, संपला विषय. पण नाना ड्रायव्हर. बसच्या बॅटरीत कसलं पाणी घालतात ते त्यांना पाठ होतं, आणि तसं पाणी फुकट कुठे गळतं तेही. दुसऱ्या दिवशी इमारतीतल्या प्रत्येक एसीच्या नळीखाली एकेक कॅन बांधलेला होता. एसीच्या पाण्यात क्षार नसतात, ते वाळलं तरी डाग सोडत नाही. हे मी विज्ञानाच्या तासाला शिकवते, पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लाज वाटली ती पुढे. सकाळी सातला बेल वाजली.

"बाई, एसी लावा. पानी कमी पडी ऱ्हायनं."

"नाना, आत्ता थंड आहे हो."

"मंग गोधडी घ्या."

आणि खरं सांगते, मी एसी लावला आणि गोधडी घेऊन बसले. सगळी इमारत भर उन्हाळ्यात गोधड्या घेऊन बसली होती.

त्या पाण्याने काचा अशा निघाल्या की तळमजल्यावरचे एक काका बंद खिडकीतून पान थुंकायला गेले. नानांना कृतार्थ वाटायला हवं होतं. पण रोज दुपारी ते चौथ्या मजल्याच्या खाली उभे, काठी वर, आणि हाक, "काय व, आते दिखस का?" वरून अक्कांचं उत्तर ठरलेलं, "आजून धुरकट शे." नाना पुन्हा पंप भरायचे. ब्रश बदलला, काठीला आणखी एक तुकडा जोडला. आमच्या खिडक्यांकडे ते आता फिरकतही नव्हते. सोसायटीत कुरबुर सुरू झाली आणि मला सेक्रेटरी म्हणून वर जाणं भाग पडलं.

दुपारची वेळ. अक्का खिडकीशी बसलेल्या. नाना खाली पंप भरत होते. मी म्हटलं, "अक्का, नानांना काचेचं एवढं वेड कुठून लागलं?"

अक्का हसल्या. "आमनं घर रस्तावर व्हतं, साक्रीना पुढे. त्यासनी गाडी येवानी टाईमले मी दारशी उभी ऱ्हाऊ. गाडी थांबे नही तठे. काचमाईन मी दिखाले पाह्यजे, म्हनीसन रोज सकाये काच पुसेत. कंडक्टर हसे."

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला, जीव घाबरा झाला. मी उठले, जाळीतून बोटं घालून डाव्या बाजूची काच पूर्ण सरकवली. बरी झुळूक आली. अक्का आपल्या बोलत होत्या.

खालून हाक आली, "काय व, आते दिखस का?"

अक्कांनी मान डावीकडे वळवली. त्या उघड्या खिडकीतून नीट निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "उजवी बाजू बरी शे. डावा बाजूले आजून धुरकट शे."

डाव्या बाजूला काच नव्हती. मी जाळीला नाक लावून खाली बघितलं. नाना मान वर करून त्याच खिडकीकडे बघत होते. त्यांची नजर घारीची; उघडी खिडकी त्यांना दिसत नव्हती असं कसं म्हणू? ते तसेच उभे होते, काठी हातात धरून. नाशिकला डॉक्टर त्यांना काय बोलले असतील, ते तेव्हा मला कोणी न सांगता कळलं.

मग त्यांनी काठी वर घातली. हळूहळू ब्रश आमच्या समोर आला आणि जिथे काच नव्हती तिथे, नुसत्या हवेत, वरून खाली फिरू लागला. कडेला धक्का लागू न देता, कोपऱ्यात जास्त वेळ. पाण्याचे थेंब जाळीतून आत आले आणि अक्कांच्या हातावर पडले.

अक्कांनी हात पुढे केला, जाळीतून बोटं बाहेर काढली आणि काच शोधली. बोटांना काही लागलं नाही. ब्रशचे ओले केस तेवढे लागले. मला रडू आलं.

अक्कांनी बोटं आत घेतली, पदराला पुसली आणि खाली आवाज दिला, "आते साफ दिखस."

"पाटी दिखस का?"

"दिखस. साक्रीनी गाडी गई." मग जरा थांबून म्हणाल्या, "सकाय उजवा बाजूले धोवा जो. तठे धूळ बसनी."

रस्त्यावरून त्या वेळी उसाचा ट्रॅक्टर चालला होता.

अक्कांनी माझ्याकडे चेहरा वळवला. "साक्रीच व्हती ना, बाई?"

"हो अक्का," मी म्हणाले, "साक्रीचीच."

थोड्या वेळाने नाना वर आले. शर्ट चिंब, पाठीवर पंप तसाच. अक्कांनी त्यांच्या दिशेने पाण्याचा तांब्या सरकवला, तो त्यांनी उभ्यानेच संपवला. मग ते माझ्यासमोर आले. माझा चष्मा त्या दिवशी खरोखरच धुरकट झाला होता. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, त्यावर 'हाऽऽ' केलं, पिवळ्या फडक्याने सावकाश पुसला आणि माझ्या कानांवर बसवला.

'आते दखा' मात्र म्हणाले नाहीत.