शूलपाणीचे काटे

बालमित्रांनो, हात जोडून बसा आणि ऐका. एका जंगलात प्रत्येक प्राण्याला व्यक्तिमत्त्व होते. मात्र ते विकसित नव्हते. ही उणीव प्रथम एका कोल्ह्याच्या ध्यानी आली. त्याने शिबिर काढले.

त्याच जंगलात साळूबाई नावाची साळिंदरीण राहत असे. तिचा मुलगा शूलपाणी नुकताच वयात येत होता. "जेवलास का रे?" एवढे विचारले, तरी त्याच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहत.

"आई, सारखी मागे लागू नकोस!"

साळूबाईने देवाला साकडे घातले. देवाने मौन पाळले. कोल्ह्याने पाळले नाही.

"वहिनी, हे काटे म्हणजे न्यूनगंड," तो म्हणाला. "शिबिरात पाठवा. लोण्यासारखा मऊ करून देतो."

शूलपाणी काटे अंगालगत बसवायला शिकला. नजरेला नजर देऊन "आपणास भेटून आनंद झाला" असे म्हणायला शिकला. घरी येऊन आईलाही तेच म्हणाला.

समारोपाला बिबट्या प्रमुख पाहुणे म्हणून आले. शूलपाणी आदर्श विद्यार्थी ठरला.

"ये वत्सा," पंजे पसरून पाहुणे म्हणाले, "आलिंगन दे."

त्यांच्या तोंडून लाळ गळत होती.

"वात्सल्य, वात्सल्य!" कोल्ह्याने खुलासा केला.

शूलपाणी हसतमुखाने पुढे झाला. काटे चापूनचोपून बसवलेले.

साळूबाई मागच्या रांगेत ताडकन उठली. "पळ" म्हणावे, तर तो ऐकणार नाही. आईचे ऐकणे त्याने केव्हाच सोडले होते. तिने देवाचे नाव घेतले आणि खणखणीत हाक मारली, "शूल्या, सोन्या, आधी नाक पूस! आणि शी करून आलास ना रे?"

सभा खो खो हसली.

"आईऽऽ!" शूलपाणी किंचाळला. अंगावरचा एकूण एक काटा ताठ उभा राहिला. नेमके त्याच क्षणी पाहुण्यांनी त्याला उराशी धरले.

पाहुणे भाषण न करताच विव्हळत झाडीत पळाले. त्या सभेवर देवाची तेवढी कृपा झाली. कोल्ह्याने "अविकसित" असा शेरा मारून प्रशस्तिपत्र परत घेतले.

वाटेत शूलपाणी आईच्या चार पावले पुढे चालत राहिला.

"जेवशील ना रे?" तिने विचारले.

काटे उभे राहिले. साळूबाईने डोळे मिटून देवाला नमस्कार केला.

तात्पर्य : बालमित्रांनो, मोठेपणी प्रमुख पाहुणे झालात, तर आदर्श विद्यार्थ्याला उराशी धरण्यापूर्वी त्याची आई सभेत बसलेली नाही ना, याची खात्री करून घ्या.